वळणावर झुकणारी गाडी पुण्याच्या वाटेवर उपयोगी पडेल काय?

पुणे-मुंबई प्रवास करणाऱ्यांना वळण म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. कर्जत मागे पडते, बटाटेवड्याच्या पुड्या सोडून होतात आणि गाडी घाट चढू लागते. मग खिडकीशी बसलेल्याला कधी पुढचे इंजिन दिसते, तर कधी मागचे डबे. उभ्या प्रवाशाचा हात आपोआप आधार शोधू लागतो, चहाचा कप सावरावा लागतो आणि पुस्तकातली ओळ निसटते. कोल्हापूरकडे जाणाऱ्यांना हाच अनुभव शिंदवण्याच्या आणि आदर्कीच्या घाटात येतो. काहींना त्याची मौज वाटते, तर काहींना चक्क 'गाडी लागते'.

वळणावरचा हा त्रास कमी व्हावा आणि तरीही गाडीचा वेग वाढावा, यासाठी जगातील अनेक देशांनी वळणावर झुकणाऱ्या गाड्यांचा, म्हणजेच 'टिल्टिंग ट्रेन'चा मार्ग स्वीकारला. भारतातही हा विषय अधूनमधून चर्चेत येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी शंभर 'वंदे भारत' गाड्यांमध्ये हे तंत्र बसवले जाईल असे सांगितले होते आणि त्यासाठी २०२५-२६ या वर्षाचा उल्लेख केला होता. प्रत्यक्षात अशी गाडी अजून आपल्याकडे प्रवाशांच्या सेवेत आलेली नाही. आज मुंबई-सोलापूर किंवा पुणे-कोल्हापूर मार्गावर धावणारी 'वंदे भारत' वळणावर झुकत नाही. ती झुकली असती तर पुणेकरांचा प्रवास खरोखर लवकर आणि सुखाचा झाला असता काय, हा प्रश्न त्यामुळे विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी वळणावर काय घडते ते पाहायला हवे.

रुळांचा उतार आणि त्याची मर्यादा

सायकलस्वार वळण घेताना आतल्या बाजूला कलतो. जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मध्ये मोटारसायकल जवळजवळ आडवी होऊन फिरते. वेगाने वळताना शरीर बाहेर फेकले जाऊ पाहते आणि आत कलल्याने तो जोर सावरला जातो. रेल्वेगाडीला स्वतःहून कलता येत नाही, म्हणून रूळ टाकतानाच बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच ठेवला जातो. या उंचीतील फरकाला रेल्वेच्या भाषेत 'कॅण्ट' म्हणतात. भारतातील ब्रॉडगेजच्या प्रमुख मार्गांवर तो जास्तीत जास्त १६५ मिलिमीटर ठेवता येतो.

मग हा उंचावा हवा तेवढा का वाढवत नाहीत? कारण त्याच रुळांवरून 'डेक्कन क्वीन'ही जाते आणि कोळशाने वा सिमेंटने भरलेली मालगाडीही जाते. उंचावा वेगवान गाडीच्या हिशेबाने ठेवला, तर संथ मालगाडीचा सारा भार आतल्या रुळावर येतो आणि तो रूळ लवकर झिजतो. सिग्नल न मिळाल्याने गाडी वळणावरच थांबली, तर आतले प्रवासी तिरके बसून राहतात. म्हणून प्रत्येक वळणावरचा उंचावा ही एक तडजोड असते. वेगवान गाडीला जेवढा उंचावा हवा असतो त्यापेक्षा थोडा कमीच मिळतो. हा जो कमी पडलेला उंचावा, त्याला 'कॅण्ट डेफिशिअन्सी' किंवा उंचाव्याची तूट म्हणतात. भारतीय रेल्वेत ही तूट सर्वसाधारणपणे ७५ ते १०० मिलिमीटरपर्यंत मान्य केली जाते.

भारतीय रेल्वेचे स्थापत्य अभियंते हे गणित शिकतात ते पुण्यातच. कोरेगाव पार्कमधील 'इरिसेन', म्हणजे भारतीय रेल्वे स्थापत्य अभियांत्रिकी संस्था, १९५९ पासून रूळमार्गाच्या अभियंत्यांना प्रशिक्षण देत आहे. देशभरातील वळणांची आखणी आणि देखभाल करणारे अधिकारी कधी ना कधी या संस्थेच्या वर्गात बसलेले असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तुटीची ही मर्यादा ओलांडली की गाडी लगेच उलटेल असे मुळीच नाही. उलटण्याची वेळ त्याहून पुष्कळ अधिक वेगाला येते. मर्यादा इतकी आधी येते त्याची कारणे दोन. वेग वाढला की चाके रुळांना बाहेरच्या बाजूला अधिक जोराने रेटतात, हे एक. दुसरे कारण म्हणजे आतला प्रवासी. त्याला उभे राहता यावे, चालता यावे, त्याच्या हातातला चहा सांडू नये, यासाठी आडव्या धक्क्याला लगाम घालावा लागतो.

डबा झुकतो म्हणजे काय?

झुकणाऱ्या गाडीत या दुसऱ्या कारणावर इलाज केलेला असतो. तिची चाके नेहमीप्रमाणे रुळांवरच असतात. चाकांच्या सांगाड्यावर बसवलेला डबा मात्र वळणावर आतल्या बाजूला काही अंश कलतो. रुळांचा उतार आणि डब्याचा कल यांची बेरीज होऊन प्रवाशाला जाणवणारा आडवा जोर घटतो.

हे दोन प्रकारे साधतात. पहिल्या प्रकारात डबा उंचावर टांगल्यासारखा असतो आणि वळणावर झोपाळ्याप्रमाणे त्याचा खालचा भाग आपोआप बाहेर झुलतो. स्पेनच्या 'टाल्गो' गाड्या या तत्त्वावर चालतात. या पद्धतीत यंत्रे कमी लागतात, पण कलही थोडाच मिळतो. दुसऱ्या प्रकारात संवेदक वळण ओळखतात आणि तेलाच्या दाबावर किंवा विजेवर चालणारी यंत्रणा डब्याला ढकलून कलवते. त्यात आठ अंशांपर्यंत कल मिळू शकतो. इटलीत १९८८ पासून धावू लागलेली 'पेंडोलिनो' या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध गाडी होय. स्वीडनने १९९० मध्ये अशीच गाडी आणली.

याचा लाभ किती होतो, हे एका उदाहरणावरून पाहू. एखाद्या वळणाची त्रिज्या ४०० मीटर आहे आणि तेथील उंचावा १४० मिलिमीटर आहे असे समजा. ७५ मिलिमीटरची तूट चालवून घेतली, तर साध्या गाडीला तेथे ताशी सुमारे ७९ किलोमीटर वेग ठेवता येतो. डबा झुकल्यामुळे २५० मिलिमीटर तूट चालवून घेता आली, तर हाच वेग सैद्धांतिकदृष्ट्या ताशी सुमारे १०६ किलोमीटरपर्यंत जातो. नवे रूळ नाहीत, नवा बोगदा नाही, आणि तरीही वेगात तिसऱ्या हिश्श्याएवढी भर! युरोप आणि जपानमधील डोंगराळ मार्गांना या तंत्राची भुरळ पडली ती यामुळेच.

परंतु पहिले कारण जागच्या जागी राहते. डबा कितीही झुकला तरी रुळांवर पडणारा आडवा जोर कमी होत नाही, उलट वेग वाढल्याने तो वाढतो. म्हणून झुकणारी गाडी वजनाला हलकी असावी लागते आणि तिच्याखालचे रूळ, स्लीपर व खडी अव्वल प्रतीची असावी लागते. शिवाय झुकलेला डबा बोगद्याच्या भिंतीला, फलाटाला किंवा शेजारच्या गाडीला लागू नये म्हणून त्याच्या बाजू निमुळत्या कराव्या लागतात. वरच्या विजेच्या तारेला टेकणारा पॅन्टोग्राफ तर डब्याबरोबर झुकून चालतच नाही, त्याला सरळ ठेवण्याची वेगळी सोय करावी लागते.

सुखासाठी केलेली युक्ती आणि मळमळ

प्रवाशाच्या सुखासाठी शोधलेल्या या तंत्राने सुरुवातीला प्रवाशालाच हैराण केले, हा या इतिहासातला मोठा विरोधाभास आहे. ब्रिटिश रेल्वेने अनेक वर्षे खपून तयार केलेली 'एपीटी' ही गाडी ७ डिसेंबर १९८१ रोजी ग्लासगोहून लंडनला धावली. वेग उत्तम होता. मात्र त्या सुमारास गाडीतून गेलेल्या पत्रकारांपैकी काहींना मळमळू लागले आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत गाडीची थट्टा झाली. पुढे कडाक्याच्या थंडीत यंत्रणेत बिघाड झाले आणि थोड्याच दिवसांत ती वेळापत्रकातून काढून घ्यावी लागली.

कारण उद्‌बोधक होते. अभियंत्यांनी आडवा जोर जवळजवळ पूर्णपणे नाहीसा केला होता. शरीराला वळण जाणवत नव्हते, पण खिडकीबाहेरचे क्षितिज मात्र तिरके होताना दिसत होते. डोळे सांगत होते की आपण कललो आहोत आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगत होते की काहीच घडलेले नाही. या दोन साक्षींचा मेळ बसला नाही की मेंदू गोंधळतो आणि पोटात ढवळू लागते. एसटीने महाबळेश्वरचा घाट चढताना पुस्तक वाचणाऱ्याला मळमळते, तेही अशाच गोंधळामुळे. तेथे शरीराला वळण जाणवते आणि डोळे मात्र स्थिर पानावर खिळलेले असतात.

जपानला हाच धडा वेगळ्या वाटेने मिळाला. तेथे १९७३ मध्ये नागोया-नागानो या डोंगराळ मार्गावर झोपाळ्याच्या तत्त्वावर झुकणारी गाडी सुरू झाली. तिचा डबा वळण सुरू झाल्यावर किंचित उशिराने कलत असे आणि वळण संपल्यावर उशिराने सरळ होत असे. या मागे पडणाऱ्या हेलकाव्यामुळे प्रवाशांना गाडी लागू लागली. पुढे १९८९ मध्ये शिकोकू बेटावरील गाड्यांत मार्गाचा नकाशाच संगणकात भरण्यात आला. वळण कोठे आहे हे गाडीला आधीच ठाऊक असल्याने डबा अगदी वेळेवर आणि हळुवारपणे कलू लागला. एप्रिल २०२४ मध्ये ओकायामा ते इझुमो या मार्गावर आलेल्या नव्या 'याकुमो' गाडीत हे तंत्र आणखी सुधारून वापरले आहे.

आता सर्वत्र आडव्या जोराचा काही अंश मुद्दाम शिल्लक ठेवतात, म्हणजे डोळ्यांना दिसणारे वळण शरीरालाही थोडे जाणवते. प्रवासाचे सुख म्हणजे धक्क्यांचा पूर्ण अभाव नव्हे. शरीराला जे अपेक्षित असते तेच घडणे म्हणजे सुख, असा याचा अर्थ.

मुंबईपर्यंत आलेली गाडी

भारतात या तंत्राचे ओझरते दर्शन २०१६ मध्ये झाले. स्पेनच्या 'टाल्गो' कंपनीचे नऊ डबे त्या वर्षी एप्रिलमध्ये जहाजाने मुंबई बंदरात उतरले. चाचण्यांत या गाडीने मथुरा-पलवल टप्प्यात ताशी १८० किलोमीटर वेग गाठला. १० सप्टेंबर २०१६ रोजी दिल्लीहून निघालेली ही गाडी बारा तासांच्या आत मुंबई सेंट्रलला पोहोचली. त्या काळी राजधानी एक्स्प्रेसला या प्रवासाला सुमारे सोळा तास लागत असत. चाचणी यशस्वी झाली, पण गाड्यांची खरेदी झाली नाही.

त्यानंतर ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भारत आणि स्वित्झर्लंड यांच्यात रेल्वे क्षेत्रातील सहकार्याचा करार झाला. त्यातील विषयांत झुकणाऱ्या गाड्यांचाही समावेश होता. त्याच दिवशी कोकण रेल्वेने गोव्यातील बोगदा-तंत्रज्ञान संस्थेसाठी स्विस सहकार्याचा दुसरा करार केला.

भोर घाटाचे गणित निराळे

झुकणारी गाडी म्हटले की पुणेकराच्या मनात प्रथम येतो तो भोर घाट. जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली आखलेला हा घाटमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. त्याच्या उभारणीत हजारो मजुरांनी प्राण गमावले. कर्जत ते लोणावळा या सुमारे २८ किलोमीटरच्या टप्प्यात गाडी साडेपाचशे मीटरहून अधिक उंची चढते. सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर असा आहे. पूर्वी खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवून पुढे जावे लागे. १९२९ मध्ये नवी आखणी करून ती कसरत संपवण्यात आली आणि १ जून १९३० रोजी 'डेक्कन क्वीन' सुरू झाली.

या घाटात वेगाला आवर घालणारी गोष्ट केवळ वळणे असती, तर झुकणारी गाडी वरदान ठरली असती. मात्र चढताना प्रश्न असतो तो ताकदीचा. त्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात. उतरताना प्रश्न असतो तो ब्रेकचा. सुटलेल्या गाडीला अडवण्यासाठी घाटात जागोजागी चढाच्या दिशेने आडमार्ग काढलेले आहेत आणि गाडी चालकाच्या पूर्ण ताब्यात आहे याची खातरजमा झाल्यावरच पुढचा मार्ग खुला होतो. डबा झुकवून यापैकी एकही अडचण दूर होत नाही.

मुंबई-सोलापूर 'वंदे भारत' १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. तिने मागून इंजिने न लावता हा घाट चढण्याची किमया केली, कारण तिच्या अनेक डब्यांखाली मोटारी आहेत. घाटात वाचलेला हा वेळ ताकदीच्या वाटणीमुळे वाचला, झुकण्यामुळे नव्हे.

कोल्हापूरची वाट

झुकणाऱ्या गाडीचा खरा उपयोग होऊ शकेल तो पुणे-सातारा-मिरज-कोल्हापूर यासारख्या मार्गावर. मूळचा मीटरगेज असलेला हा मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. अलीकडच्या वर्षांत त्याचे विद्युतीकरण झाले आणि दुहेरीकरणाचे कामही मार्गी लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये येथे 'वंदे भारत' सुरू झाली. सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचे अंतर कापायला तिला सव्वापाच तासांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे ताशी १६० किलोमीटर धावण्याची क्षमता असलेल्या गाडीचा सरासरी वेग येथे ताशी साठ किलोमीटरच्या थोडा वर राहतो. साताऱ्यापर्यंतच्या टप्प्यातील घाट आणि वळणे हे त्याचे एक कारण आहे.

तरीही हिशेब मांडून पाहावा. एक किलोमीटर लांबीचे वळण ताशी ८० किलोमीटर वेगाने पार करायला ४५ सेकंद लागतात, तर ताशी १०५ किलोमीटर वेगाने सुमारे ३४ सेकंद. एका वळणामागे वाचले ११ सेकंद. अशी शंभर वळणे असती आणि प्रत्येकावर हा वेग राखता आला असता, तर सुमारे १८ मिनिटे वाचली असती. ही बचत उपेक्षणीय नाही. परंतु एखाद्या स्थानकाबाहेर सिग्नलसाठी किंवा समोरून येणाऱ्या गाडीसाठी पंधरा मिनिटे थांबावे लागले, तर ती जवळजवळ सगळी वाया जाते. दुसरा रूळ, सुधारित सिग्नल आणि वेळेचे काटेकोर नियोजन यांतून मिळणारी मिनिटे झुकण्यातून मिळणाऱ्या मिनिटांपेक्षा आधी पदरात पडणारी आहेत.

सुख कशात आहे?

वळणाखेरीजही प्रवाशाला हादरवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. सरळ रुळावरून वळणात शिरताना गाडीला एकदम वळावे लागू नये म्हणून मध्ये संक्रमणाचा टप्पा असतो. तेथे त्रिज्या आणि उंचावा दोन्ही हळूहळू बदलतात. देखभालीत हा टप्पा बिघडला की कमी वेगातही डबा झटका देतो. जुन्या डब्यांच्या जागी एलएचबी डबे आले तेव्हा प्रवास शांत झाला, पण गाडी सुटताना आणि थांबताना मागून ढकलल्यासारखे हिसके बसतात अशी तक्रारही आली. तिचे मूळ डबे जोडणाऱ्या कपलिंगमध्ये होते आणि त्यावर सुधारणाही करण्यात आल्या. 'डेक्कन क्वीन'ला जून २०२२ मध्ये एलएचबी डबे मिळाले. त्याआधी, ऑगस्ट २०२१ मध्ये तिला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा जोडला गेला. ज्या संथ घाटाला प्रवासी कंटाळतात, तोच घाट पाहण्यासाठी काही प्रवासी जास्त पैसे मोजतात, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

नवा मार्ग बांधताना तर झुकण्याची गरजच टाळता येते. कोकण रेल्वे सह्याद्रीच्या पायथ्याशी, नद्या आणि डोंगर ओलांडत जाते. तरीही तिची वळणे किमान १२५० मीटर त्रिज्येची ठेवण्यात आली आणि चढ १५० मीटरला एक मीटर एवढाच राखला गेला. त्यासाठी बोगदे आणि पूल यांवर खर्च करावा लागला. एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांना डोंगराला वळसा घालणे भाग होते, विसाव्या शतकाच्या अखेरीस डोंगर पोखरणे शक्य झाले. पुणे-नाशिक मार्गासारखे प्रकल्प प्रत्यक्षात येतील, तेव्हा तेथील वळणांची त्रिज्या कागदावरच ठरणार आहे.

झुकणाऱ्या गाड्यांची कारकीर्द परदेशांतही सरळ रेषेत गेलेली नाही. जर्मनीतील 'आयसीई-टी' गाड्यांचे झुकणे आसांच्या सुरक्षिततेच्या प्रश्नामुळे २००८ मध्ये बंद करावे लागले. ज्या स्वित्झर्लंडशी भारताने करार केला, तेथील रेल्वेनेही आपल्या नव्या दुमजली गाड्यांना वळणावर वेगाने नेण्याची योजना २०२२ मध्ये सोडून दिली आणि मार्गाच्या सुधारणेला पसंती दिली. दुसरीकडे ब्रिटनच्या पश्चिम किनारी मार्गावर 'पेंडोलिनो' गाड्या ताशी २०० किलोमीटर वेगाने आजही झुकत धावतात आणि जपान जुन्या गाड्या काढून नव्या झुकणाऱ्या गाड्या आणतो. यश मिळाले ते जेथे मार्ग वळणदार पण मोकळा होता, रूळ उत्तम होते आणि गाडीला वळणांचा नकाशा पाठ होता तेथे.

पुण्याच्या वाटांना ही कसोटी लावली तर उत्तर बरेचसे स्पष्ट होते. भोर घाटात झुकणारी गाडी फारसे काही साधणार नाही. साताऱ्याच्या वळणांवर ती काही मिनिटे वाचवू शकेल, पण रूळ त्या तोलाचे झाल्यानंतर आणि मार्ग मोकळा मिळू लागल्यानंतरच. झुकणाऱ्या 'वंदे भारत'ची घोषणा पुन्हा कधी झाली, तर गाडीचा वेग किती यापेक्षा ती कोणत्या वळणांवर झुकणार आणि त्या वळणांखालचे रूळ कोणत्या अवस्थेत आहेत, हे प्रवाशांनी आधी विचारलेले बरे.